पुढे केलेला हात

आमचं दुकान एकच, पण मधोमध काच आहे. काचेच्या अलीकडे माझी औषधं, पलीकडे भावजींची घड्याळं. आमचे हे बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. वर्षातून एकदा उगवतात, घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा बदलतात आणि परत समुद्रावर जातात. बाकीचं वर्ष मी आणि माझे धाकटे दीर हे दुकान सांभाळतो. त्यात कुणाला काय दिसतं ते ज्यानं त्यानं आपल्या घरी बसून बघावं, मला त्याचं सोयरसुतक नाही.

भावजींना सगळे 'हात' म्हणतात. गिऱ्हाईक आलं की विचारतं, "हात आहेत का आत?" नवीन माणूस दचकतो. हे नाव बुद्धिबळाच्या मशीनमुळे पडलं. पूर्वी मीही त्यावरून त्यांची फिरकी घ्यायचे, आता घेत नाही. भावजी चिडलेत की खूश आहेत हे तेव्हाही कळायचं नाही, आताही कळत नाही. त्यांचा चेहराच तसा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाला आपण काही पसंत पडलेलो नाही. पुढे लक्षात आलं, की घरात बारसं असो की मयत, हा गृहस्थ असाच बघणार. एका डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या पोटात बघत बसायचं, एवढंच त्याचं आयुष्य. लग्नाचा विषय काढला की भिंग जरा जास्त घट्ट बसवायचे.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बुद्धिबळाचा क्लब होता. तिथल्या जोडघड्याळांची दुरुस्ती भावजींकडे. दोन तबकड्या, दोन खटके. आपली चाल झाली की आपला खटका दाबायचा, मग समोरच्याचं घड्याळ चालू. लहानपणापासून तिथं जायचे, खेळायचेही. पण त्यांच्या खेळाबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. बोलायचे ते वजिराबद्दल.

वजीर म्हणजे भावजींचा लंगोटीयार, क्लबानं पटावरच्या सोंगटीचं नाव त्याला दिलेलं. दोघं एका बाकावर शिकले, एकाच पटावर खेळायला लागले. मग तो पुढे गेला आणि हे घड्याळं दुरुस्त करत राहिले. तो ग्रँडमास्टर झाला तेव्हा अख्खा क्लब त्याला स्टेशनवरून वाजतगाजत घेऊन आला होता. उंच, केस मागे वळवलेले, चालताना हात पाठीमागे बांधलेले. दुकानात आला की काचेवर टकटक करून म्हणायचा, "वहिनी, तुमच्या दिराला हसायचं औषध द्या हो काहीतरी." मला आवडायचा तो. तोंडावर सांगते, घरातल्या माणसांपेक्षा जास्त आवडायचा, कारण तो बोलायचा तरी.

त्या दिवसांत मोठमोठे खेळाडू मशीनशी खेळायला लागले होते. लोक गंमत म्हणून बघायला जायचे आणि गप्प होऊन परत यायचे. वजीरही एकदा परगावी खेळायला गेला. मशीननं त्याला भरल्या सभागृहात असा काही हरवला, की खेळ सुरू झाला न झाला तोच संपला. त्याच्या बायकोनं मला नंतर सांगितलं, की परत आल्यावर तो आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. दार ठोठावलं तर आतून म्हणाला, "मला दिसलंच नाही गं. समोर होतं आणि दिसलं नाही." मग जेवण कमी झालं. झोप गेली. तिनं झोपेच्या गोळ्या माझ्याकडूनच नेल्या, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. मी त्या मोजून तिच्या हातावर ठेवल्या.

अशात आमच्याच गावात मशीनशी सामना ठरला. मशीन बनवणाऱ्या कंपनीला वजीरच हवा होता. परगावी हरलेला माणूस आपल्या गावात उठून उभा राहतो का, हे बघायला गर्दी झाली असती. चार डाव. तो नाही म्हणू शकत होता, पण नाही म्हणाला नाही.

आता मशीनचं असं, की त्याला डोकं होतं, हात नव्हते. ते सामन्यासाठी घेतलेल्या, बंद पडलेल्या बँकेच्या मागच्या खोलीत कपाटासारखं घुमत बसणार, आणि त्याची चाल एका छोट्या स्क्रीनवर उमटणार. ती बघून पटावर सोंगटी हलवायला, खटका दाबायला माणूस लागायचा. कंपनीच्या इंजिनिअरनं क्लबात विचारलं, तर सगळ्यांनी भावजींचं नाव सांगितलं. हात थरथरत नाहीत, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. इंजिनिअर दुकानात येऊन त्यांना निरखून गेला. मी काचेतून म्हटलं, "दातही बघून घ्या." त्यानं मनावर घेतलं नाही, किंवा त्याला कळलं नाही.

काम साधं होतं, पण त्यात एक गोष्ट होती. स्क्रीनवर चालीबरोबर एक आकडाही यायचा. मशीन स्वतःला किती पुढे समजतंय त्याचा आकडा. शून्य म्हणजे दोघं सारखे. तो फक्त भावजींना दिसायचा, आणि मागच्या खोलीत इंजिनिअरला. बुद्धिबळात डाव कुणीच जिंकत नसला की खेळाडू बरोबरी मागतात. आपली चाल करायची, "बरोबरी?" विचारून हात पुढे करायचा. समोरच्यानं हात मिळवला की संपलं. नको असेल तर त्यानं काही बोलायचं नाही, आपली चाल खेळायची. मशीनला हे मागणं-देणं काही कळायचं नाही. म्हणून ते भावजींवर सोपवलं होतं. आकडा शून्याला चिकटून राहिला तर बरोबरी द्यायची किंवा मागायची. मशीन पुढे असेल तर द्यायची नाही. इंजिनिअरनं बजावून सांगितलं होतं, "तुम्ही विचार करायचा नाही. आकडा बघायचा."

पहिले तीन डाव बरोबरीत सुटले. मी बघायला गेले होते. बँकेच्या त्या हॉलमध्ये पैसे मोजायच्या खिडक्या तशाच होत्या आणि मधोमध टेबल. वजिरानं तिन्ही डावांत प्यादी एकमेकांत अशी अडकवून टाकली, की पटाच्या मध्ये कडी घातलेलं दार उभं राहिलं. मशीन या बाजूला, तो त्या बाजूला. मशीन बिचारं घोडा इकडे न्यायचं, तिकडे आणायचं. मग भावजी चाल करायचे, खटका दाबायचे आणि हात पुढे करायचे. वजीर तो हात धरायचा, लोक टाळ्या वाजवायचे. आकडा दिसत नसला तरी नियम त्याला ठाऊक होता, आणि हा हात पुढे आला म्हणजे आकडा शून्य आहे, हे तीन डावांत पाठ झालं होतं. मशीनचं मन त्याला दुसरीकडून कळायला मार्गच नव्हता.

पेपरात त्याचा फोटो आला. पण टाळ्या संपल्यावर तो खुर्चीतून उठायचा ते टेबलाला धरून. शर्ट पाठीला चिकटलेला. बरोबरी झाली की हरलो नाही एवढंच त्याच्या चेहऱ्यावर असायचं. आनंदाचा पत्ता नाही.

चौथ्या डावाच्या आदल्या दिवशी त्याची बायको दुकानात आली. माझ्याकडे नाही, काचेच्या पलीकडे गेली. मी ऐकत नव्हते, पण काच ती काच. ती म्हणाली, घरी तो बोलत नाही, भिंतीकडे बघत चाली पुटपुटतो. परवा गच्चीच्या कठड्याला टेकून उभा होता, हाक मारली तर वळला नाही. उद्या हरला तर काय करील सांगता येत नाही. भावजी घड्याळ हातात धरून ऐकत होते. मग ती म्हणाली,

"बरोबरी देणं तुमच्या हातात असतं ना? तेवढी द्या. तो कितीही मागे असला तरी द्या. त्याला कळू देऊ नका."

भावजी काही बोलले नाहीत. ती गेल्यावर मी काचेवर बोट आपटलं आणि म्हटलं, असलं काही करायला जाल तर बघा. खेळ त्याचा आहे, तुमचा नाही. तेव्हाही ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, माझं ऐकलं. हा माणूस गप्प बसला की प्रत्येकाला वाटतं आपलंच ऐकलं.

चौथा डाव दुपारी सुरू झाला. पुन्हा तीच अडकलेली प्यादी, तीच कडी. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, वजिरानं आपला हत्ती देऊन टाकला. मला बुद्धिबळातलं फारसं कळत नाही, पण हॉलमधून जो श्वास ऐकू आला त्यावरून कळलं, की हे बरं झालेलं नाही. माझ्या शेजारचे क्लबातले म्हातारे म्हणाले, "संपला. थकला बिचारा." मशीननं हत्ती खाल्ला. वजिरानं राजा एक घर सरकवला. तिकडे अडकलेल्या प्याद्यांपाशी काही हालचाल नाही, आणि हा राजा घेऊन फिरायला निघाल्यासारखा.

मी त्याच्याकडे बघितलं. तोंड राखेसारखं, ओठ कोरडे, आणि दोन्ही हात थरथरताहेत. इतके, की त्यानं ते मांड्यांखाली दाबून ठेवले. त्याची बायको पहिल्या रांगेत होती. तिनं वळून भावजींकडे पाहिलं.

भावजी स्क्रीन बघत होते. मशीनची चाल आलेली असणार, कारण त्यांचा हात पटाकडे निघाला. मग मध्येच थांबला. सोंगटीला लागलाच नाही. तो तसाच पटावरून पुढे गेला आणि वजिराच्या समोर उघडा राहिला.

"बरोबरी?"

वजिरानं त्या हाताकडे बघितलं. मग पटाकडे. पुन्हा हाताकडे. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण मी त्या वेळात एकदाही पापणी मिटली नाही. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं ते हळूहळू उतरत गेलं. मग त्यानं मांडीखालचा हात काढला आणि भावजींच्या हातात दिला. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. चाल न खेळता बरोबरी मागितली, हे पंचांच्याही लक्षात आलं नाही. त्याची बायको रडत होती. माझाही जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर भावजींनी मला सांगितलं. आकडा शून्य नव्हता. मशीन एका अख्ख्या हत्तीनं पुढे होतं. "तो पडला असता वहिनी. खुर्चीतून खाली पडला असता." मी पुन्हा असं करू नका म्हटलं, आणि त्यांच्या ताटात वाढलं.

इंजिनिअर दुसऱ्या दिवशी आला. त्यानं मागच्या खोलीत तोच आकडा पाहिलेला. मला वाटलं, आता आरडाओरडा करणार. तो खुर्चीवर बसला, गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, झालं ते उत्तम झालं. कंपनीनं पेपरात छापून आणलं, की जिंकण्याची घाई न करता समोरच्याची योग्यता ओळखून आमच्या मशीननं स्वतःहून बरोबरी मागितली. इंजिनिअरनं जाताना भावजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुठं बोलू नका म्हणाला. मला त्या माणसाचा इतका राग आला, की मी त्याला डोकेदुखीची गोळीही दिली नसती. पण तोंड बंद ठेवणं आम्हा दोघांनाही बरंच वाटलं.

वजीर सुरुवातीला फार खुशीत होता. नवा कोट शिवला. क्लबात मुलांना तो डाव दाखवायचा. म्हणायचा, "जगात कितीतरी लोक हरले. मला मात्र त्यानं हात दिला." बायकोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. झोपेच्या गोळ्या बंद झाल्या. मी भावजींना म्हटलं, जाऊ दे, तुमचं पाप पुण्यात जमा झालं म्हणा.

मग तो विचारायला यायला लागला.

पहिल्यांदा सहज विचारलं. "त्या शेवटच्या डावात तू चाल खेळला नाहीस. हात आधी आला. मशीनची चाल कुठली आली होती रे?" भावजी म्हणाले, आठवत नाही. तो बरं म्हणाला आणि गेला. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. आणि पुन्हा. त्याच्या बोलण्यातून हळूहळू मला कळलं तो काय शोधतोय. त्यानं हत्ती चुकून दिलेला नव्हता. प्याद्यांची भिंत अशी लागली होती, की मशीनचे हत्ती आणि त्याची वजिराची सोंगटी आतच कोंडले गेले होते, बाहेर पडायला वाट नाही. हा आपला राजा कडेकडेनं चालत नेणार, पलीकडची एकटी प्यादी खाणार, आणि आपलं प्यादं शेवटच्या घरापर्यंत नेऊन त्याचा वजीर करणार. मशीनला तेवढं लांबचं दिसणार नाही, हा त्याचा हिशेब. त्याला डाव जिंकलेला दिसत होता. आणि नेमका तेव्हाच समोर हात आला.

हात आला म्हणजे आकडा शून्य. म्हणजे मशीनला यावर काहीतरी उपाय दिसलाय, आपल्याला न दिसलेला. परगावी झालं होतं तसंच पुन्हा. म्हणून त्यानं हात मिळवला होता. आणि आता तो तो उपाय शोधत होता. रोज, पट मांडून, सकाळपासून. जो नव्हताच तो.

मी हे भावजींना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं भिंग खाली पडलं. उचलायला वाकले ते बराच वेळ टेबलाखालीच होते. ते वर आल्यावर मी म्हटलं, सांगून टाका. ते म्हणाले, काय सांगू? तू जिंकत होतास आणि मी तुला थांबवलं, असं? मी म्हटलं, तो सडतोय हो तिकडे. ते म्हणाले, सांगितलं तर काय होईल ते मला दिसत नाही. आम्ही दोघं या काचेच्या दोन बाजूंना उभे राहून भांडलो, तेही कुजबुजत, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं.

मग वर्षं गेली. वजीर स्पर्धांना जायचा आणि बरोबऱ्या करून यायचा. समोर कोवळी पोरं असायची, ज्यांना तो पूर्वी चिरडून टाकायचा. क्लबातले सांगायचे, डाव छान आणतो, हल्ला चढवतो, आणि ऐन वेळी तोंड उतरतं. हात पुढे करतो. का म्हणून विचारलं तर म्हणतो, मला दिसतंय ते खरं असेलच असं नाही. पुढे त्याला कुणी बोलवेनासं झालं. ज्याचा प्रत्येक डाव अर्ध्यावर सुटतो त्याला बघायला कोण येणार? मशीनं मात्र वाढत गेली. कपाटाची पेटी झाली, पेटीची वही झाली, आणि शेवटी कुणी माणूस त्यांच्याशी खेळायच्या भानगडीत पडेना. ती कंपनी बुडाली. ते कपाट कुठल्या भंगारात गेलं आणि तो इंजिनिअर कुठं गेला देव जाणे. त्या दिवसाचा आकडा माहीत असलेली गावात आम्ही दोघंच उरलो. घरी त्याची बायको त्याच्याभोवती पावलं न वाजवता वावरायची. माझ्याकडे यायची, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि भावजींकडे बघायची नाही. तिनं मागितलं ते तिला मिळालं होतं, आता तक्रार कुणाकडे करणार?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुकानासमोर रस्ता ओलांडायला पट्टे आहेत. दुपारची वेळ, रहदारी अशी नाहीच. पलीकडे वजीर उभा होता, हात पाठीमागे बांधून. मी औषधं लावत होते, म्हटलं येईल. वर बघितलं तर तिथंच. रस्ता रिकामा. तो डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, एक पाय खाली ठेवतो आणि परत घेतो. एक बाई त्याच्या बाजूनं ओलांडून गेली, एक म्हातारा काठी टेकत गेला. हा उभाच. मी काचेवर टकटक केलं आणि बोटानं दाखवलं. भावजी उठले, डोळ्याचं भिंग तसंच कपाळावर ठेवून बाहेर गेले. वजिराला धरून अलीकडे आणलं.

त्याला बाकावर बसवून मी चहा दिला. तो शरमून म्हणाला, "रस्ता रिकामा दिसत होता वहिनी. पण मला दिसलं नाही म्हणजे काही नसेलच असं कसं म्हणायचं?"

मी भावजींकडे बघितलं. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. टेबलावरची उघडी घड्याळं एका बाजूला सारली आणि पट मांडला. ती जागा त्यांना तोंडपाठ होती, एकेक सोंगटी न अडखळता ठेवत गेले. मला नवल वाटलं नाही. तेही वजिरासारखे इतकी वर्षं दुसरं काय करत असणार?

"ही चाल आली होती," ते म्हणाले, आणि मशीनच्या कोंडलेल्या हत्तीनं आतलंच कडेचं एक क्षुल्लक प्यादं खाल्लं.

वजीर त्या प्याद्याच्या रिकाम्या घराकडे बघत राहिला. त्याला पुढचं खेळून बघायची गरज पडली नाही. एवढं मला दिसलं. ज्याला धोका दिसलाय तो असं कोपऱ्यातलं प्यादं खात बसत नाही, हे क्लबातल्या पोरालाही कळतं.

"त्याला काहीच दिसलं नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

"आकडा?"

"एका हत्तीनं पुढे. जिंकलोच असं समजत होतं."

"मग हात कुणी पुढे केला?"

"मी."

मला वाटलं, आता चिडेल, पट उधळेल. चिडला असता तर बरं झालं असतं, मी मध्ये पडले असते, दोघांनाही झापलं असतं. तो चिडला नाही. कप नीट बशीत ठेवला आणि विचारलं, का? भावजींनी सांगितलं, तुझे हात थरथरत होते, मला वाटलं तू पडशील. वजीर म्हणाला, "अरे, मी जिंकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापेक्षा पुढचं मला दिसत होतं. हात थरथरणार नाहीत का?"

मग तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला,

"पण तू असा आपल्या मनानं काही करणाऱ्यातला नाहीस. तुला कुणी सांगितलं होतं?"

 इतक्या वर्षांत भावजींच्या ज्या चेहऱ्यावर मी रेघ हलताना पाहिली नव्हती, तो चेहरा त्या दिवशी फुटला. ओठ हलले, डोळे भरले, आणि ते माझ्याकडे बघायला लागले, सोडवा म्हणून. माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं, पण तेव्हा मी पटाकडे बघत राहिले. वजिरानं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं.

"तुम्हालाही माहीत होतं, वहिनी?"

मी हो म्हटलं.

"आणि तिनं मागितलं होतं."

 तो हळूहळू मान हलवत राहिला. मग म्हणाला,

"म्हणजे घरात, दुकानात, तुम्ही सगळ्यांनी मला आधीच हरवून ठेवलं होतं. त्या हॉलमध्ये माझ्याशी खेळत होतं ते एकटं मशीनच."

तो उठला. अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर गेला आणि न थांबता, इकडेतिकडे न बघता रस्ता ओलांडला. एका गाडीनं करकचून ब्रेक मारला, ड्रायव्हरनं शिव्या घातल्या. हा वळलासुद्धा नाही.

त्या दिवशी तो घरी गेला नाही. आता वाचनालयाच्या मागे एका खोलीत एकटा राहतो. एक मशीन आणलंय, आताची मशीनं कुठल्या माणसाला हार जात नाहीत म्हणतात. त्याच्यासमोर सकाळी बसतो, दिवस बुडेपर्यंत खेळतो, आणि हरतो. रोज. बायको जेवणाचा डबा दाराशी ठेवून येते. ती आता औषधं पलीकडच्या दुकानातून घेते.

भावजी एकदाच गेले होते त्याच्याकडे. दार उघडं होतं. वजीर पटावरून नजर न उचलता म्हणाला, तू जा, इथं मला सांभाळून घेणारं कुणी नको. भावजी दाराशी उभे होते तेवढ्यात तो तो डाव हरला. हसला, सोंगट्या मांडल्या आणि दुसरा सुरू केला.